थांबण्याचे पैसे कोण देतो? डिझाइनच्या कामातील ठरलेल्या आणि मोकळ्या वेळांविषयी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी मुले-मुली ग्राफिक डिझाइन, व्हिडिओ संपादन, जाहिरातींचे लेखन, पानांची मांडणी अशा कामांकडे वळू लागली आहेत आणि माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो, वेळेचा असतो. ठरलेल्या वेळेत कार्यालयात बसावे लागेल का, की घरून आपल्या सोयीने करता येईल, हे त्यांना आधी जाणून घ्यायचे असते. मी बेळगावच्या शहापुरातील एका छापखान्यात, त्यानंतर एका दैनिकाच्या पाने लावणाऱ्या विभागात आणि पुढे घरी बसून पुण्याच्या एका जाहिरात संस्थेसाठी काम केले. घरून काम करणे आजही चालू आहे आणि त्यातील ओढाताणही संपलेली नाही. कोणते सॉफ्टवेअर शिकावे, पोर्टफोलिओत काय ठेवावे, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालते. मला लिहायचे आहे ते वेळेच्या अशा भागाविषयी, ज्यात हातात काम नसते आणि तरीही जागेवरून उठून जाता येत नाही.

ठरलेल्या वेळेचे काम शिकायला छापखान्यासारखी जागा नाही, असे माझे मत आहे. ते अनेकांना जुनाट वाटते, पण मी ते सोडणार नाही. आमच्याकडे साडेनऊला शटर वर जाई आणि सात वाजता संगणक बंद होत. तुळशीचे लग्न उरकले की पत्रिकांचा हंगाम सुरू होई आणि गिऱ्हाईक नेमके पावणेसातला दारात उभे राहून म्हणे, "एक नाव राहिलंय बघा, आमच्या थोरल्या काकांचं." आमचे फोरमन, ज्यांना सगळेच मामा म्हणत, यावर वाद घालत नसत. ते खणातून एक रबरी शिक्का काढून प्रूफच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या प्रतीच्या, कोपऱ्यावर उठवत. त्यात तारीख, वेळ आणि 'दुरुस्त्या तपासल्या' या शब्दांखाली सहीची रेघ असे. वेळ ते स्वतः निळ्या बॉलपेनाने भरत, गिऱ्हाइकाकडून सही घेत आणि मग सांगत, "नाव घालतो की, त्याला काय झालं? पण प्लेट आता परवा सुटणार." नाव वाढवायला कोणाचीच हरकत नव्हती; फक्त त्यामुळे पत्रिका उशिरा हातात पडणार, हे गिऱ्हाइकाच्याच सहीने कागदावर येत असे. काकांचे नाव कित्येकदा तेथेच गळून जाई, आणि त्यामुळे लग्न मोडल्याचे मी कधी ऐकले नाही.

त्या छापखान्यात आम्ही रिकामे बसत नव्हतो असे मुळीच नाही. हेस्कॉमची वीज जाई, गिऱ्हाईक मजकूर आणायला विसरे, पानपट्टीवाल्याला पाटीवर नेमका कोणता फोटो हवा आहे हे दुपारपर्यंत ठरत नसे. कानडी मजकूर तपासणारे गुरुजी तर शाळा सुटल्याशिवाय येऊच शकत नसत. पाट्यांवरील किमान 60 टक्के जागा कन्नडला देण्याचे बंधन 2024 मध्ये कायद्यात आल्यापासून मराठी वस्तीतल्या दुकानाच्या पाटीलाही असे गुरुजी लागतात आणि त्यांची सवड हीच छापखान्याच्या कामाची वेळ ठरते. अशा वेळी आम्ही चहा पीत असू, जुन्या फायली लावत असू, श्री-लिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवत असू, आणि पगार चालू असे. रिकाम्या तासांचा भार मालकावर पडत असल्यामुळे ते तास कमी करण्याची घाईही मालकालाच असे. तोच गिऱ्हाइकाला दोनदा फोन करी, तोच जनरेटर सुरू करायला धावे, तोच गुरुजींना स्कूटर पाठवी. ज्याच्या खिशातून थांबण्याचे पैसे जातात तोच थांबणे कमी करण्यासाठी हातपाय हलवतो, ही गोष्ट तेव्हा माझ्यासमोर रोज घडत होती.

दैनिकातील वेळापत्रक याहून निराळे असले तरी ठरलेलेच होते. संध्याकाळी काम सुरू होई, आधी खानापूर, निपाणी, चंदगड अशा दूरच्या गावांकडे जाणाऱ्या डाक आवृत्तीची पाने सुटत आणि शहर आवृत्ती सर्वांत शेवटी. तेथे सुरुवातीच्या वेळेकडे कोणी फारसे पाहत नसे, पान सोडण्याच्या वेळेकडे मात्र सगळ्यांचे डोळे असत, कारण गाडी चुकली की अंक त्या गावात पोहोचतच नाही. बातमी उशिरा आली तर ती वगळून पान जाई. अशा घाईत कलात्मक काम होत नाही, असे नवे लोक म्हणतात. मला मात्र मोजक्या मिनिटांत मथळ्याचे वजन ठरवण्याची, फोटो कुठे कापायचा ते पाहताक्षणी समजण्याची सवय तेथेच लागली आणि ती पुढे कोणत्याही अभ्यासक्रमात मिळाली नाही. त्रास नव्हता असे म्हणणार नाही. रात्री उशिरा सुटल्यावर गावाकडची बस नसते. शक्ती योजनेमुळे जून 2023 पासून कर्नाटकातील साध्या सरकारी बसमध्ये आम्हा बायकांना तिकीट लागत नाही खरे, पण मध्यरात्री जी बसच नाही ती फुकट असून काय उपयोग? घरून काम करावे, असे ज्यांना वाटते त्यांच्या वाटण्यामागे आळस नसून बहुधा अशी एखादी न मिळणारी बस असते.

आता ज्या फासात मी सापडले त्याविषयी सविस्तर लिहिते, कारण तो बाहेरून अतिशय चांगला दिसतो. पुण्याच्या त्या संस्थेने महिन्याची ठरावीक रक्कम देऊ केली, कामाची अंदाजे संख्या सांगितली आणि वेळेचे कसलेही बंधन नाही, असे स्पष्टपणे लिहून दिले. एकच अट होती, ती म्हणजे तातडीचे बदल त्याच दिवशी करून द्यायचे. कोणालाही ही अट रास्तच वाटेल. पण काम कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत येते ते पाहा. ज्या कंपनीची जाहिरात करायची तिचे अधिकारी सकाळी बैठकांत असतात, ते दुपारी चार-साडेचारला नमुना पाहतात, आपले म्हणणे संस्थेतील समन्वयकाला कळवतात, समन्वयक ते आपल्या वरिष्ठांना दाखवतो आणि संध्याकाळी सात वाजता माझ्या व्हॉट्सअॅपवर निरोप येतो की, रंग थोडे उठावदार करा, लोगो मोठा करा, उद्या सकाळी दाखवायचे आहे. या साखळीतील प्रत्येक माणूस ठरलेल्या वेळेत काम करून घरी जातो. वेळेचे बंधन नसलेली व्यक्ती साखळीच्या टोकाला एकटीच असते आणि वरच्या सगळ्यांचा उशीर तिच्या रात्रीत जमा होतो.

मग दिवस तरी मोकळा मिळतो का? माझ्या मते खरी मेख इथेच आहे आणि नव्या लोकांना ती सहसा कोणी समजावून सांगत नाही, म्हणून मी ती पुन्हा पुन्हा सांगते. सकाळी दहापासून निरोप कधीही येऊ शकतो, म्हणून दुसरे मोठे काम हाती घेता येत नाही. तालुक्याला जाऊन येता येत नाही. दुपारी झोपलो तरी फोन उशाशी असतो. त्यात घरातल्यांच्या दृष्टीने आपण रिकामेच असतो. "तू घरातच हाईस न्हवं, गॅसवाला आला तर बघ की जरा," असे सासूबाई सहज सांगून जातात आणि त्यांचेही चुकत नाही, कारण संगणकापुढे बसून मी खरोखरच काही करत नसते. तो वेळ माझ्या मालकीचा नाही, संस्थेच्या हिशेबात धरलेला नाही आणि घरच्यांच्या डोळ्यांना दिसतही नाही.

याचे गणित एकदा कागदावर मांडून पाहा. समजा, एका पोस्टरचे 800 रुपये ठरले आणि प्रत्यक्ष कामाला दोन तास लागले, तर तासाला 400 रुपये पडले असे वाटून आपण खूश होतो. त्याच पोस्टरसाठी मजकुराची, मग पसंतीची आणि मग बदलांची वाट पाहण्यात पाच तास गेले असतील तर एकूण सात तासांचे 800 रुपये, म्हणजे तासाला जेमतेम 114 रुपये झाले. छापखान्यात हेच पाच तास मालकाच्या खात्यावर असते. घरी ते तुमच्या खात्यावर येतात आणि ते कमी करण्याची गरज साखळीतील दुसऱ्या कोणालाही वाटत नाही, कारण त्यांचा एक पैसाही त्यात अडकलेला नसतो. मोकळ्या वेळेच्या कामात थांबण्याचा खर्च गुपचूप दुसऱ्याच्या वहीतून आपल्या वहीत येतो, आणि मोबदला ठरवताना कोणीही त्याचा उल्लेख करत नाही.

येथे लघुमार्ग सुचवणारे पुष्कळ भेटतात. तयार टेम्पलेट वापरा, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र काढून घ्या, म्हणजे दोन तासांचे काम अर्ध्या तासात होईल, असे ते सांगतात. ते होतेही, मीही ही साधने वापरते. परंतु त्यामुळे काम कमी झाले तरी थांबणे तसूभरही कमी होत नाही. उलट काम लवकर होते हे कळताच समोरचा एकाऐवजी चार पर्याय मागतो, चार पर्यायांवर निर्णय व्हायला आणखी वेळ लागतो आणि दर मात्र अर्ध्या तासाच्या कामाचा म्हणून खाली येतो. वेळ मोजणाऱ्या अॅपविषयीही माझे मत फारसे चांगले नाही. माउस हलला तेवढाच वेळ ती मोजतात, म्हणजे ज्या वेळेने आपले नुकसान होते नेमका तोच वेळ त्यांच्या हिशेबातून सुटतो. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात पेन्सिलीने 'मजकूर मागितला' आणि 'मजकूर आला' अशा दोन वेळा लिहिते. महिनाअखेरीस कोणता ग्राहक महाग पडतो ते लगेच दिसते.

मार्गदर्शकांविषयी थोडे रोखठोक लिहिते. पहाटे चारला उठा, स्वतःचे मालक व्हा, असे पैसे घेऊन शिकवणाऱ्यांकडे जाऊ नका. त्यांचे उत्पन्न डिझाइनमधून येत नाही, तुमच्या शुल्कातून येते. जो आपली जुनी बिले दाखवतो, कोणत्या ग्राहकाने किती दिवस रखडवले ते मोकळेपणाने सांगतो, त्याच्याकडे चहाला जा. वडीलधारी मंडळी आणखी एक दाखला देतात, तो म्हणजे जी. ए. कुलकर्णी धारवाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आणि इंदिरा संत बेळगावात अध्यापन करत, तरी दोघांनी केवढे लिहिले. मग तुम्हाला नोकरी सांभाळून कला का जमत नाही? दाखला खरा आहे, पण तो आपल्याला लागू पडत नाही. त्यांची कथा किंवा कविता संध्याकाळी सातला कोणी परत पाठवून 'थोडी उठावदार करा' असे म्हणत नव्हते. आपली कलाच आपली नोकरी आहे आणि तिला गिऱ्हाईक आहे, हा फरक साधा नाही. ज्यांना स्वतःच्या आनंदासाठी चित्रे काढायची आहेत त्यांनी मात्र हा दाखला जरूर मनावर घ्यावा आणि पोटासाठी ठरलेल्या वेळेची नोकरीच धरावी.

सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना आणखी एक अडचण आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शनपर लेखांत तुम्हाला सापडणार नाही. आपल्या घरचे पंचांग एका राज्याचे आणि ग्राहकाचे दुसऱ्या राज्याचे असते. महाराष्ट्रात 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी असते, तेव्हा कर्नाटकात कामकाज चालू असते. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते, तेव्हा पुण्याचा ग्राहक नेहमीप्रमाणे बदल पाठवत असतो. 1 नोव्हेंबरला येथे राज्योत्सवाची सुट्टी, बँका बंद, मराठी वस्तीत महाराष्ट्राबाहेर ठेवल्याच्या निषेधाचा काळा दिवस आणि रस्त्यांवर बंदोबस्त. महाराष्ट्रात मात्र साधा कामाचा दिवस. मोकळ्या वेळेचे काम करणारा माणूस सावध नसेल तर दोन्ही राज्यांच्या सुट्ट्या त्याला मिळण्याऐवजी दोन्ही राज्यांच्या कामाच्या दिवशी तो कामावर असतो. गणेश विसर्जनाचे तर बोलायलाच नको. आपल्याकडची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, हे बाहेरच्या ग्राहकाला आधी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

परदेशी ग्राहक मिळाला तर एवढे लक्षात ठेवा. लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच आणि त्यांच्या उन्हाळी वेळेत दीड वाजलेला असतो. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात किंवा साडेसहा. ब्रिटनमधील घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते, अमेरिकेतील मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत दोघांमधील नेहमीचे अंतरही चुकते. लंडनची वेळ आपल्याला तशी सोसते. न्यूयॉर्कसाठी रात्र द्यावी लागते आणि ती कोणत्या दराने द्यायची हे आधी ठरवा.

नोकरी धरणार असाल तर कायदा तुमच्या बाजूने किती आहे ते माहीत असू द्या. कर्नाटकच्या 1961 च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्यानुसार दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास ही कामाची मर्यादा आहे, आठवड्याची सुट्टी बंधनकारक आहे आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन द्यावे लागते. गणेशोत्सवात फ्लेक्सच्या दुकानांत रात्ररात्र काम चालते आणि बदल्यात वडापाव मिळतो, हे मला ठाऊक आहे. पहिल्याच वर्षी मालकाशी भांडा असे मी सांगत नाही, परंतु जादा तासांची नोंद आपल्या वहीत ठेवा. पगारवाढ मागताना ती उपयोगी पडते. घरून बिल देऊन काम करणाऱ्याला मात्र यांपैकी काहीच लागू होत नाही. तुमचे 9 तास तुम्हालाच आखावे लागतात.

एवढे वाचून मोकळ्या वेळेचे काम वाईटच, असा समज करून घेऊ नका. सासूबाईंचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा दुपारी त्यांच्याजवळ बसून मी पहाटे काम केले आणि एका दिवसाचेही उत्पन्न बुडाले नाही. छापखान्यात हे जमले नसते. खानापूरकडच्या पावसात रस्ते बंद होतात तेव्हा घरचे टेबल सोन्यासारखे वाटते. पुस्तकांची चित्रे, मुखपृष्ठे, अक्षररचना, दिवाळी अंकांची सजावट अशी कामे, ज्यांत सगळा मजकूर एकदम हाती येतो आणि मग आठवडाभर कोणी विचारत नाही, ती मोकळ्या वेळेत फार सुंदर होतात. समाजमाध्यमांच्या रोजच्या जाहिराती, निवडणुकीचे साहित्य, कार्यक्रमांचे व्हिडिओ या कामांत मात्र दुसऱ्याचा निर्णय सतत मध्ये येतो. ती ठरलेल्या वेळेच्या पगारी नोकरीत करणेच शहाणपणाचे. काम हाती घेण्यापूर्वी विचारायचे असेल तर एवढेच विचारा की, या कामात मला कितीदा दुसऱ्यासाठी थांबावे लागेल? 'किती सर्जनशील आहे' या प्रश्नापेक्षा याचे उत्तर तुम्हाला जास्त सांगून जाईल. आणि पहिली दोन-तीन वर्षे नोकरीत काढता आली तर काढा. घाबरवण्यासाठी म्हणत नाही, परंतु थांबण्याचा खर्च दुसरा कोणी उचलत असताना काम शिकून घेणे स्वस्त पडते.

घरूनच सुरुवात करणे भाग असेल तर मामांचा शिक्का संदेशात उतरवा. मी आता लिहून कळवते की, त्या दिवशीच्या कामासाठी मजकूर आणि बदल दुपारी दोनपर्यंत आले तर नमुना संध्याकाळी मिळेल, दोननंतर आलेले दुसऱ्या दिवसात धरले जातील. बदलांच्या दोन फेऱ्या दरात आहेत, तिसरीपासून वेगळे पैसे. रात्रीच हवे असेल तर दीडपट. त्याबरोबर दोन्ही राज्यांतील माझ्या सुट्ट्यांची वर्षाची यादी जोडते. पुण्याच्या त्या संस्थेने आधी नाके मुरडली, मग दोनची वेळ मान्य केली, आणि दीडपट दर समजल्यापासून त्यांची रात्रीची निकड बरीच कमी झाली आहे. एक-दोन ग्राहक सोडून गेले. कालनिर्णयावरच्या पेन्सिलीच्या नोंदी पाहिल्या तेव्हा ते गेलेलेच परवडले. या अटी दर ठरून गेल्यावर कळवल्या तर त्या सवलत मागितल्यासारख्या दिसतात आणि समोरचा त्यांवर घासाघीस करतो, म्हणून त्या दराच्याच संदेशात, दराच्या आकड्याच्या आधीच्या ओळीत लिहा आणि उत्तरात 'मान्य' आल्याशिवाय फाइल उघडू नका.